यारी, पलटण आणि रिपोर्ट: सोबत्याची चूक दिसली तर जवानानं नेमकं काय करायचं

रेंजवर फायरिंग संपलं की निघण्याआधी कंपनी ओळीत उभी राहते आणि एकेक जण खिसे चाचपून सांगतो, "मेरे पास कोई जिंदा राउंड या खाली खोका नहीं है, साब." नोकरीत हे वाक्य मी हजारदा ऐकलं आणि हजारदा म्हटलं. एकदा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दोस्तानं ते म्हटलं तेव्हा त्याच्या मोज्यात एक जिंदा गोळी होती.

गावच्या यात्रेत पोरांना दाखवायची, एवढाच त्याचा विचार. रात्री बॅरेकमध्ये त्यानं ती मला दाखवली. मी हसलो, "येडा आहेस का" म्हणालो आणि रजई ओढून झोपलो. हिशोबात एक खोका (उडालेल्या गोळीचं रिकामं कवच) कमी पडला होता. अंधार झाल्यामुळं शोध दुसऱ्या दिवसावर गेला. पहाटेपासून अख्खी कंपनी गुडघ्यावर बसून गवत चाळत होती, आणि दोन वर्षांवर पेन्शन आलेला कोतचा (हत्यारखान्याचा) हवालदार कडेला पांढरा पडून उभा होता. दुपारी बाराच्या सुमारास मी सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) साहेबांना जाऊन सांगितलं. दोस्ताला अठ्ठावीस दिवसांची कैद झाली. मला सीओ साहेबांनी, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरनी, एकच प्रश्न विचारला. "सांगितलंस का?" असा तो नव्हता. "रात्रीच का नाही सांगितलंस?" असा होता.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता सकाळी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांबरोबर मैदानावर असतो, आणि भरती झालेली पोरं अधूनमधून फोन करतात. अर्धे फोन रजेचे, पगाराचे. उरलेल्यांतले बरेच असे, की "काका, माझ्या सोबतच्यानं असं असं केलंय, सांगू का गप्प बसू?" त्यांना तुकड्यातुकड्यानं सांगितलेलं इथं एका जागी लिहितोय. मैदानावर बोलतो तसंच 'अरे-तुरे'त लिहितो, राग मानू नये. मी वकील नाही. कलमं दिलीत ती आर्मी ॲक्ट, १९५० मधली आहेत. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे आहेत, पण बॅरेकमधला पेच तोच.

सुरुवातीलाच: चुगली आणि रिपोर्ट

पलटणीत चुगलखोराला कुणी जवळ करत नाही, आणि ते बरोबरच आहे. सेक्शनमधला माणूस रात्रीच्या गस्तीवर तुझ्या पाठीमागं चालतो. त्याच्यावर भरवसा नसेल तर तू पुढं पाऊल टाकणार नाहीस. म्हणून "यारी वगैरे विसरा, नियम पाळा" असं जे कुणी सांगतं ते कधी पिकेटवर (पुढच्या चौकीवर) राहिलेलं नसतं. यारी हे पलटणीचं हत्यारच आहे.

फक्त ती कुणाशी, हे बघायला लागतं. पलटणीत 'नाम, नमक, निशान' म्हणतात. त्यातलं नमक पलटणीचं. मित्राच्या घरून आलेल्या डब्यातलं लोणचं आपण खाल्लेलं असतं हे खरं, पण ते नमक निराळं. माझ्या दोस्ताशी इमान राखताना मी कोतच्या हवालदाराशी बेइमानी करत होतो, आणि तोही माझ्याच पलटणीचा होता. गप्प बसलं की किंमत कुणीतरी तिसराच भरतो. तो तिसरा कोण, हे आधी शोधायचं. बहुतेक वेळा तिथंच निम्मा पेच सुटतो.

चुगली ओळखायची खूण सोपी आहे: चुगली नाव लपवून होते, आणि सांगणाऱ्याला तिच्यातून काहीतरी मिळतं. रिपोर्ट तुझ्या नावानं होतो आणि सहसा तुलाच महागात पडतो.

आता यात एक नवी भानगड आली आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर कायम होणार. म्हणजे शेजारच्या खाटेवरचा पोरगा तुझा दोस्तही आणि त्याच जागेसाठी उभा असलेला स्पर्धकही. अशात तू खरी गोष्ट सांगितलीस तरी लोक म्हणणार, "जागा मोकळी करायला बघतोय." त्यामुळं अग्निवीरानं खाली तिसऱ्या पायरीवर सांगितलेलं, म्हणजे आधी त्याच्याशीच तोंडावर बोलणं, तिथं दिलेला अपवाद सोडून कधीच गाळू नये. आणि स्वतःलाही एकदा विचारावं: हा आपल्या पुढं नसता तरी आपण हे सांगितलं असतं का? उत्तर 'नाही' आलं, तरी गोष्ट गंभीर असेल तर सांगायचंच. फक्त मग शब्द दुप्पट मोजून वापरायचे.

पायरी १: पाहिलं किती, ऐकलं किती

एकांतात बस आणि तीन गोष्टी वेगळ्या कर. डोळ्यांनी काय पाहिलं. दुसऱ्याकडून काय ऐकलं, कुणाकडून. आणि आपण मनानं काय जोडलं. तारीख, वेळ, जागा आणि कोण कोण हजर होतं ते स्वतःच्या डायरीत चार ओळींत लिही. दोन आठवड्यांनी चौकशी लागली की मंगळवार होता का बुधवार, यावरून माणसाची जीभ अडखळते आणि खरा माणूस खोटा दिसतो.

डायरीत ठिकाणांची लष्करी माहिती, नफरी (माणसांची संख्या), गाड्यांच्या हालचाली लिहायच्या नाहीत. सरकारी रजिस्टरचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवायचे नाहीत. पुरावा जमवायच्या नादात स्वतःच ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टच्या तोंडाशी गेलेलं पोरगं मी पाहिलंय. पुरावा गोळा करणं चौकशी करणाऱ्यांचं काम आहे.

पायरी २: कुठल्या ढिगात पडतं ते ठरव

इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात. एक तर प्रत्येक गोष्टीला सारखंच मोठं करतात, नाहीतर सगळ्यालाच "चलता है" म्हणतात. कायद्यानं मात्र फरक केलेला आहे.

पहिला ढीग, जिथं गप्प बसणं हाच गुन्हा आहे. कलम ३७: बंडाचा किंवा कटाचा सुगावा लागूनही जो वरिष्ठांना विनाविलंब कळवत नाही, तो बंड करणाऱ्यांच्याच रांगेत बसतो, शिक्षा मृत्युदंडापर्यंत. कलम ३८: कुणी पलटणीतून पळून गेलाय किंवा पळायचा प्रयत्न करतोय हे माहीत असून ताबडतोब न कळवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. कलम ५८: जो रिपोर्ट देणं तुझं कामच आहे तो टाळलास किंवा अक्षम्य हलगर्जीनं दिला नाहीस, तर सात वर्षांपर्यंत.

हे तिसरं कलम नीट वाच. तू कोण म्हणून उभा आहेस यावर सगळं ठरतं. सुट्टीच्या दिवशी खाटेवर पडलेला शिपाई आणि गार्ड कमांडर म्हणून बसलेला नायक यांनी एकच गोष्ट पाहिली, तरी दोघांच्या गप्प बसण्याचं वजन सारखं नाही. तू गार्ड कमांडर आहेस आणि तुझा संत्री (पहारेकरी) पोस्टवर झोपलेला सापडला, तर तो जिगरी आहे का सोयरा, हा प्रश्नच उरत नाही. कलम ३६ खाली ते सक्रिय सेवेत चौदा आणि एरवी सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं काम आहे. कोतमध्ये, स्टोअरमध्ये, एमटीमध्ये (गाड्यांच्या विभागात) हिशोब तुझ्या सहीनं चालत असेल, तर तिथली एका लिटरची चोरीही तुझ्यासाठी पहिल्याच ढिगात येते.

कायद्यानं शब्दांत सांगितलेलं नसलं तरी माझ्या मते आणखी चार गोष्टी याच ढिगात टाकायच्या.

एक, हत्यार आणि दारूगोळा. एक राउंडसुद्धा. माझी गोष्ट वर सांगितलीच.

दोन, बाहेर जाणारी माहिती. मित्र दोन महिने कुणा 'नर्स'शी व्हिडिओ कॉल करतोय आणि आता ती विचारायला लागलीय की तुमची गाडी कधी निघणार. जुलै २०२० मध्ये लष्करानं फेसबुकसह ८९ ॲप काढून टाकायला लावली, ती हौस म्हणून नव्हे. इथं त्याला वाचवायचा एकच रस्ता आहे: त्यानं स्वतः, त्याच दिवशी, चॅट न पुसता कंपनी कमांडरांकडं जाणं. स्वतः चालत गेलेला माणूस आणि फोन जप्त झाल्यावर सापडलेला माणूस यांच्याकडं बघायची नजर वेगळी असते. "डिलीट कर आणि विसरून जा" हा सल्ला देणारा दोस्त त्याला खड्ड्यात ढकलतो आणि स्वतःही मागोमाग जातो.

तीन, निःशस्त्र माणसावर उचललेला हात. पकडलेला असो, गावकरी असो. "हुकूम होता" ही ढाल इथं चालत नाही. कलम ४१ मध्ये हुकूम न पाळणं गुन्हा आहे, पण हुकूम कायदेशीर असला तर. काश्मीरमधल्या २०१० च्या माछिल प्रकरणात कोर्ट मार्शलनं अधिकाऱ्यांबरोबर जवानांनाही जन्मठेप सुनावली होती. पुढं २०१७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणानं शिक्षा स्थगित करून जामीन दिला, ती बाब अलाहिदा. बाहेरचं उदाहरण हवं तर १६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाय. ह्यू थॉम्पसन नावाच्या अमेरिकी पायलटनं आपल्याच सैनिकांच्या आणि गावकऱ्यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवलं आणि परत जाऊन लगेच वरिष्ठांना सांगितलं. त्याला त्यासाठी मेडल मिळायला तीस वर्षं लागली, १९९८ उजाडलं. लगेच सांगणाऱ्याला लगेच शाबासकी मिळते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

चार, स्वतःच्या जिवावर उठलेला सोबती. घरी जमिनीचा वाद, बायकोशी भांडण, रजा नामंजूर, आणि तो म्हणतोय, "आता बास झालं." तो आज रात्री गार्डला जाणार असेल तर विचार करत बसू नकोस. गार्ड कमांडरला आत्ता सांग, हत्यार त्याच्यापासून लांब कर, त्याला एकटं सोडू नकोस, आणि आरएमओ साहेबांकडं, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांकडं, ने. हे त्याच्याविरुद्ध सांगणं नाहीच. १४४१६ हा मानसिक आधारासाठीच्या टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीमध्ये (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) खास सैन्यदलांसाठी त्याचा कक्ष सुरू झालाय. क्रमांक त्याच्या फोनमध्ये आधीच टाकून ठेव.

दुसरा ढीग मोठा आणि घोळाचा. कँटीनची दारू बाहेर विकणं, लंगरमधून किलोभर साखर, रजेसाठी तिसऱ्यांदा वारलेली आजी, दुसऱ्याच्या नावावर हजेरी. यात नियम मोडलेला असतो, पण आज रात्रीत कुणाचा जीव जाणार नसतो. इथं सोबत्याला स्वतः सुधारायची एक संधी द्यायची. एकच.

रजेवरून उशीर झालेल्याचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त फोन याचेच येतात. "गाडी चुकली, दोन दिवस लागतील" म्हणाला तर तो उशीर. कलम ३९ चं काम. त्याला सांग, आत्ता कंपनी ऑफिसला फोन कर, आजारी असशील तर जवळच्या लष्करी रुग्णालयात नाव नोंदव, जमेल त्या गाडीनं निघ. तीस दिवस गैरहजेरी झाली की कलम १०६ प्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि माणूस भगोडा ठरायच्या वाटेला लागतो, म्हणून प्रत्येक दिवस मोलाचा. पण तोच जर म्हणाला, "मी आता येतच नाही, दुबईचं काम जमलंय", तर गोष्ट दुसऱ्या ढिगातून पहिल्या ढिगात गेली. त्या वाक्यानंतर तुला ती माहीत आहे आणि घड्याळ तुझंही चालू झालंय.

तिसऱ्या ढिगाबद्दल फार बोलत नाही. मच्छरदाणी, दाढी, रात्री लाईट बंद झाल्यावर मोबाइल. सेक्शनमध्येच मिटवायचं. यासाठी वर जाणाऱ्याचं खरं कामही पुढं कुणी ऐकून घेत नाही.

पायरी ३: आधी त्याच्याशी बोल

पहिल्या ढिगातल्या गोष्टी सोडून बाकी सगळीकडं ही पायरी सक्तीची समज.

बोलण्याआधी एक सापळा ओळख. सोबती म्हणतो, "एक सांगतो, पण आईची शपथ घे, कुणाला बोलणार नाहीस." आपल्याकडची पोरं पटकन शपथ घेतात, जोतिबाची घेतात, आईची घेतात, आणि मग ऐकतात. ऐकल्यावर कळतं की हे पोटात ठेवण्यासारखं नाही. मग रात्र रात्र झोप नाही. म्हणून ऐकण्याआधीच सांगायचं: "शपथ घालू नको. ठेवण्यासारखं असेल तर माझ्यापाशी राहील. नसेल तर तुला घेऊन पुढं जाईन." एवढं ऐकून त्यानं सांगितलं नाही तरी हरकत नाही.

कुठं बोलायचं? रमच्या ग्लासावर नाही, फोनवर नाही, चार जणांत नाही. गेम्स संपल्यावर मैदानाला चक्कर मारताना बोल. शब्द साधे: "कालचं मी बघितलंय. हे तुझ्या अंगाशी येणार आणि त्या स्टोअरमनच्याही. संध्याकाळच्या रोल कॉलच्या आत तू स्वतः सांग, मी बरोबर येतो. तू नाही गेलास तर मी जाणार, आणि जाणार आहे हे तुला आत्ता तोंडावर सांगतोय." मुदत रोल कॉलची दे. 'बघू दोन-चार दिवसांत' म्हणालास की संपलं. दोन-चार दिवस पलटणीत कुणाकडं नसतात.

त्यानं ऐकलं आणि स्वतः गेला तर खरंच त्याच्याबरोबर जा. दारापर्यंत तरी जा. सोबतीपणा दाखवायची याहून चांगली जागा नाही. तो चिडला, "तू पण गेल्या वर्षी काय केलंस ते सांगू का" म्हणाला, तर समज की तुझी एक जुनी चूक त्याच्या हातात आहे. मग आधी तुझी स्वतः सांगायची. कडू आहे, पण दुसरी वाट सापडलेली नाही. आपली गाठ दुसऱ्याच्या हातात ठेवून रिपोर्ट करता येत नाही. मधेच तो ती ओढतो.

पायरी ४: कुणाला सांगायचं

सेक्शन कमांडर, प्लाटूनचे जेसीओ (सुभेदार दर्जाचे) साहेब, सीएचएम, मग कंपनी कमांडर. त्यापुढं सुभेदार मेजर साहेब, टूआयसी (सीओंच्या खालोखालचे अधिकारी), सीओ साहेब. साखळी माहीतच आहे. घाईची गोष्ट असेल तर साखळीतला जो पहिला सापडेल त्याला, झोपेतून उठवून का होईना, सांग.

साखळीतलाच माणूस त्यात गुंतला असेल तर त्याच्या वरच्याकडं जायचं. हा उद्धटपणा नाही. कलम २६ मध्ये जवानाच्या स्वतःवरच्या अन्यायाची तक्रार कशी करायची ते दिलंय, आणि ज्याच्याकडं तक्रार द्यायची त्याच्याविरुद्धच ती असेल तर त्याच्या पुढच्या वरिष्ठाकडं जाता येतं असं तिथं स्पष्ट आहे. एक ध्यानात घे: कलम २६ तुझ्यावर झालेल्या अन्यायासाठी आहे. दुसऱ्यानं मोडलेल्या नियमाची माहिती देणं ही वेगळी गोष्ट. दोन्ही एकाच अर्जात कोंबलं की वाचणाऱ्याला वाटतं, याला स्वतःचं काहीतरी उकरून काढायचंय.

दरबारात किंवा सैनिक संमेलनात, म्हणजे साहेब सगळ्यांना एकत्र भेटतात तिथं, उभं राहून नाव घ्यायचं नाही. तिथं लंगर, रजा, क्वार्टर असे सगळ्यांचे प्रश्न मांडायचे. माणसाबद्दल बोलायचं असेल तर इंटरव्यू (साहेबांची एकट्यानं भेट) माग. मनात गोंधळ असेल तर पंडितजींकडं जाऊन बसणं वाईट नाही. पलटणीतले धर्मगुरू पुष्कळ ऐकून असतात आणि डोकं थंड करून देतात. मात्र पंडितजींना सांगितलं म्हणजे रिपोर्ट झाला असं नाही.

पायरी ५: कसं सांगायचं

उभा राहा, सॅल्यूट कर, आणि पहिल्या वाक्यात मुद्दा. "साब, कल रात ग्यारह बजे के आसपास मैंने अपनी आँखों से देखा कि..." मग: "ये बात मैंने सुनी है, देखी नहीं." मग: "इसके आगे मुझे नहीं मालूम, साब." एवढंच. "वो लड़का पहले से ही ऐसा है" हे वाक्य गिळायचं. त्याचा स्वभाव, त्याचं गाव, त्याच्या घरचं यातलं काहीही बोलायचं नाही. मित्राशी बोलला असशील तर तेही सांग, आणि तो स्वतः यायला तयार असेल तर ते आधी सांग.

शब्द का मोजायचे? कारण कलम ५६. खोटं आहे हे माहीत असून कुणावर आरोप केलास तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. प्रामाणिक चूक आणि रचलेला आरोप यांत फरक केला जातो, पण तिखटमीठ लावलेली गोष्ट दुरून रचलेलीच दिसते.

तोंडी सांगून काही हललं नाही तर कंपनी ऑफिसमार्फत लेखी अर्ज दे. तारीख, सही, नंबर, नाव. कुणाला, कधी सांगितलं ते डायरीत टीप. बस.

काय करू नये

बेनामी चिठ्ठी लिहू नये. चिठ्ठी आली की पलटणीत आधी अक्षर कुणाचं याचा शोध सुरू होतो, चुकीच्या माणसाचं नाव घेतलं जातं, आणि मूळ गोष्ट मागं पडते.

व्हिडिओ करून टाकू नये. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाचा पातळ डाळीचा व्हिडिओ देशभर फिरला आणि एप्रिलमध्ये त्याला बडतर्फ केलं गेलं. डाळ पातळ होती का नव्हती, हे बाजूलाच राहिलं. त्याच जानेवारीत तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी मुख्यालयांमध्ये तक्रारपेट्या ठेवण्याची घोषणा केली, म्हणजे दुखणं आहे हे वरही मान्य झालं होतं. पण राज्यघटनेचं कलम ३३ सैनिकाच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू देतं आणि आर्मी रूल्समधला नियम २१ परवानगीशिवाय वर्तमानपत्राकडं जायला मनाई करतो. योग्य गोष्ट चुकीच्या दारानं नेलीस की चौकशी तुझीच होते. हे न्यायाचं आहे का, यावर माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं. नियम मात्र बदललेला नाही.

आणि घरी बायकोला, तिनं बहिणीला, बहिणीनं 'फौजी परिवार' ग्रुपवर, ही वाट तर नकोच.

पायरी ६: चौकशी लागल्यावर

तुझं नाव कळणार. हे धरूनच चाल. गोष्ट गंभीर असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि ज्याच्या अब्रूचा प्रश्न आहे त्याला नियम १८० प्रमाणे सगळ्या चौकशीत हजर राहायचा आणि साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा हक्क असतो. म्हणजे तुझा दोस्त समोर बसलेला असेल आणि तुला विचारेल. त्याचा तो हक्क आहे, त्याबद्दल मनात राग धरू नकोस. उद्या तू त्या खुर्चीत असशील तर तुलाही तो हवा असेल.

इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात कैद्यांचे हाल करतानाचे फोटो जानेवारी २००४ मध्ये जोसेफ डार्बी नावाच्या अमेरिकी सैनिकानं तपास यंत्रणेकडं दिले. फोटोंत त्याच्याच तुकडीतले लोक होते. नाव गुप्त राहील असं त्याला सांगितलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी सिनेटसमोर, टीव्हीवर, त्याचं नाव घेतलं. तेव्हा तो इराकमध्येच होता, जेवणाच्या हॉलमध्ये बसलेला. पुढं त्याला आपल्या गावी राहता आलं नाही. एवढ्या मोठ्या फौजेत ही गत, तर कंपनीत काय लपणार?

साक्षीच्या आदल्या रात्री इतर साक्षीदारांबरोबर बसून "आपण काय सांगायचं" असं ठरवू नकोस. वेगवेगळ्या माणसांना गोष्ट थोडी वेगळी आठवते, ते खरेपणाचं लक्षण आहे. दोस्ताची दया आली म्हणून साक्ष पातळ करू नकोस. त्याच्याबद्दल चांगलं जे खरंच माहीत आहे, की त्यानं अमुक ऑपरेशनला कुणाला पाठीवर घेऊन आणलं, ते मात्र जरूर सांग. शिक्षा ठरवताना त्याला वजन असतं.

पायरी ७: बॅरेकमध्ये राहायचं कसं

हे कुणी शिकवत नाही. पहिले काही आठवडे ताट घेऊन बसलास की बाकडं रिकामं होतं. व्हॉलीबॉलला नाव येत नाही. तू सगळ्यांना समजावत फिरू नकोस. जितकं समजावशील तितकं ते शिळं होतं. काम चोख कर, गस्तीला नाव दे, कुणाची ड्यूटी अडली तर घे. पलटण बोलण्यापेक्षा पाठीवरचं ओझं बघते.

अबोला आणि छळ यांत फरक आहे. बोलत नाहीत, तर नसू देत. पण मुद्दाम रात्रीच्या ड्यूट्या लागायला लागल्या, रजा अडली, हात उगारला गेला, तर सहन करायचं नाही. हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा वाईट वागणूक देणाऱ्याला कलम ४७ आहे, सात वर्षांपर्यंत. तुझी तक्रार कलम २६ खाली जाते, आणि तिथं न्याय मिळाला नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्यानं झालं, आणि मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. दुसऱ्या कंपनीत बदली मागायलाही लाजू नकोस.

साहेबलोकांना चार शब्द

जेसीओ आणि एनसीओ (नायक, हवालदार) वाचत असतील तर सांगतो, पोरगं दारात येऊन उभं राहतं तो पहिला मिनिट तुमचा असतो. "आता कशाला आलास?" असं म्हणालात की पुढची पाच वर्षं त्या कंपनीतून तुमच्यापर्यंत काही येणार नाही. दार लावा, बसवा, मधे बोलू नका, लिहून घ्या. त्याचं नाव चहा पिताना घेऊ नका. आणि चार दिवसांत त्याला बोलावून एवढं तरी सांगा, की गोष्ट पुढं गेली आहे. माझ्या हातून हे दोन वेळा झालं नाही. एकदा मी पोराला हाकलून दिलं होतं; ते खरं बोलत होतं.

गावाकडचं

हा भाग दिल्लीतल्या पुस्तकात मिळणार नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी घ्या, पहिल्या महायुद्धात त्या एका गावानं ४६ जवान गमावले. आपल्याकडं अशी कितीतरी गावं, की जिथं दर घराआड एक फौजी. एकाच भरतीत लागलेली, एकाच तालुक्यातली पोरं एकाच पलटणीत असतात. बऱ्याचदा सोयरीकही असते. म्हणजे ज्यानं सांगितलं तो आणि ज्याच्याबद्दल सांगितलं तो, दोघं एकाच एसटीनं रजेवर येतात. त्याचे वडील तुझ्या वडिलांना पारावर विचारणार, "तुमच्या पोरानं आमच्या पोराचं असं का केलं?"

म्हणून घरी आधी तूच सांग, वडिलांना, फोनवर नाही, समोर. गोष्टीचा तपशील नाही, चौकशीतलं काही नाही. एवढंच: "कामाचा भाग होता, सांगावं लागलं, मी त्याला आधी सांगून सांगितलं." हे शेवटचे शब्द तुला म्हणता आले पाहिजेत. मला म्हणता आले नव्हते. मी त्याला न सांगताच सीएचएमकडं गेलो होतो, आणि माझ्या दोस्ताचा राग आजही त्याच गोष्टीवर आहे, अठ्ठावीस दिवसांवर नाही.

यात्रेला आम्ही दोघंही गावात असतो. पालखीच्या एकाच दांडीला आमचे खांदे असतात. बोलणं होत नाही. खांदा बदलायची वेळ झाली की तो हाक मारतो.